लोणारचे वय, सूर्याचा गाभा आणि तुरीचा भाव

गणिती प्रतिमान म्हणजे एखाद्या घटनेची आकड्यांत केलेली मांडणी. अनुमान म्हणजे मागे राहिलेल्या खुणांवरून न दिसलेल्या कारणाचा माग काढणे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर कसे आणि कधी झाले, हे कोणी पाहिलेले नाही. त्याविषयी जे काही ठाऊक आहे, ते सगळे अनुमानाने मिळालेले आहे.

विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे. आकाशातून येऊन एवढा खड्डा पाडणारा दगडही अवाढव्य असणार आणि तो आज विवरातल्या तळ्याच्या बुडाशी गाडलेला असणार, असा समज सर्रास आढळतो. खड्ड्याचा आकार मात्र मुख्यतः आदळणाऱ्या पिंडाने आणलेल्या ऊर्जेवर ठरतो, आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अमेरिकेत ॲरिझोनातील 1.2 किलोमीटरचे विवर जेमतेम 50 मीटरच्या लोखंडी पिंडाने पडले, असा हिशेब आहे. लोणारचा पिंडही विवराच्या मानाने लहानच होता. आघातात त्याचा बहुतेक भाग वितळला, वाफ होऊन गेला, उरलेल्याचा चुरा झाला. त्याचा नेमका आकार मात्र एका आकड्यात सांगता येत नाही. लहान पण वेगवान पिंड आणि मोठा पण संथ पिंड, दोन्ही सारखाच खड्डा पाडू शकतात. अशा वेळी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ हेच प्रामाणिक उत्तर असते. ते अज्ञान झाकण्यासाठी दिलेले उत्तर नसते.

सभोवार दख्खनचा काळा बेसॉल्ट असल्यामुळे हे विवर ज्वालामुखीचे मुख असावे, असे अनेक अभ्यासकांनाही दीर्घकाळ वाटत होते. खड्ड्याचे गोल रूप ज्वालामुखी आणि आघात या दोन्ही कारणांशी जुळते, म्हणून नुसत्या आकारावरून निवाडा होत नव्हता. तो झाला 1973 मध्ये, इथल्या खडकात मास्केलिनाइट असल्याचे प्रसिद्ध झाले तेव्हा. प्रचंड दाबाच्या धक्क्याने खनिजाचे स्फटिक मोडून ही काच तयार होते, आणि तेवढा दाब कोणताही ज्वालामुखी निर्माण करत नाही. दोन कारणांतले एकच ज्या खुणेने शक्य ठरते, ती एक खूण शंभर साधारण खुणांहून मोलाची.

वयाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. अनेक माहितीपत्रकांत विवर सुमारे 52,000 वर्षांपूर्वीचे असल्याचे छापलेले असते. ते वय तप्तदीप्ती पद्धतीने काढले होते. आघाताच्या उष्णतेने खनिजात साठलेली ऊर्जा रिकामी होते आणि नंतर नैसर्गिक किरणोत्साराने पुन्हा भरत जाते. ती किती भरली यावरून काळ मोजतात. 2011 मध्ये आरगॉनच्या समस्थानिकांवरून निघालेले वय होते 5 लाख 70 हजार वर्षे, 47 हजार इकडेतिकडे. एवढी तफावत म्हणजे दोन्ही आकडे निकामी, असे समजणे चूक आहे. प्रत्येक घड्याळाला स्वतःचे गृहीतक असते. तप्तदीप्तीत साठा गळतो किंवा भरून थांबतो, आणि मग वय कमी दिसते. आरगॉनमध्ये उलटा धोका आहे. मूळ बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांहून जुना आहे. वितळलेल्या खडकातून त्याचा जुना आरगॉन पुरता निघून गेला नाही, तर वय फुगते. म्हणून 2011 च्या अभ्यासात हा शिल्लक आरगॉनही हिशेबात धरला होता. आज त्या वयाला अधिक आधार आहे. मात्र ते सांगताना 47 हजारांची मर्यादा गाळली, तर अर्धी माहितीच गाळल्यासारखे होते.

प्रतिमान आणि निरीक्षण जुळले नाही की प्रतिमान चुकले, हा समजही सरसकट खरा नाही. सूर्याच्या गाभ्यातून येणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण 1960 च्या दशकाअखेरीपासून अमेरिकेतील होमस्टेक खाणीत मोजले जाऊ लागले, आणि प्रतिमानाच्या अपेक्षेच्या सुमारे एक तृतीयांशच मिळाले. साहजिकच सूर्याच्या प्रतिमानावर संशय गेला. पण सूर्याच्या पृष्ठभागावरील कंपनांवरून त्याच्या पोटातला ध्वनीचा वेग काढता येतो, आणि तो प्रतिमानाशी फार बारकाईने जुळत होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शशिकुमार चित्रे आणि एच. एम. अंतिया यांनी या क्षेत्रात महत्त्वाचे काम केले. सूर्य ठीक असेल, तर गफलत न्यूट्रिनोच्या बाजूला असायला हवी. 2001 आणि 2002 मध्ये कॅनडातील सडबरी वेधशाळेने ते दाखवून दिले. न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलत होते, म्हणून ते मोजणीत कमी भरत होते. स्वतंत्र मार्गाने आलेला पुरावा हाताशी नसता, तर चांगले प्रतिमान टाकून दिले गेले असते.

बाजारभावाचे प्रतिमान याच गणिताने बनते, तरी एक फरक फार मोठा आहे. आपल्याविषयी काय वर्तवले आहे, हे सूर्याला कळत नाही. शेतकऱ्याला कळते. 2015 मध्ये तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली. पुढच्या खरिपात देशभर तुरीचा पेरा वाढला, पाऊसही चांगला झाला, आणि उत्पादन सुमारे 25.6 लाख टनांवरून 48.7 लाख टनांवर गेले. हमीभाव क्विंटलला 5,050 रुपये होता, पण विदर्भातल्या बाजार समित्यांत भाव त्याखाली उतरला. खरेदी केंद्रांबाहेर गाड्यांच्या रांगा लागल्या, बारदाना अपुरा पडला.

यात शेतकऱ्यांचा मूर्खपणा शोधणे अन्यायाचे आहे. प्रत्येकाने हाती असलेल्या भावावरून शहाणपणाचाच निर्णय घेतला होता. तोच निर्णय लाखोंनी एकदम घेतला, म्हणून भाव पडला. द्यूतसिद्धांत नेमका इथे उपयोगी पडतो. नावात द्यूत असले, तरी तो जुगारापुरता नाही. प्रत्येकाचा लाभ इतरांच्या निर्णयावर अवलंबून असतो, तेव्हा काय घडेल, याचा तो अभ्यास आहे. त्यातला ‘समतोल’ म्हणजे सर्वांचे भले, असेही नाही. एकट्याने निर्णय बदलून ज्यात कोणाचाच फायदा होत नाही, त्या स्थितीला समतोल म्हणतात. ती सर्वांना तोट्याचीही असू शकते. आणि लोणारचीच अडचण इथेही येते: पडलेला भाव वाढलेल्या उत्पादनामुळे, आयातीमुळे की घटलेल्या मागणीमुळे, हे नुसत्या भावावरून कळत नाही.

पुराव्याची हीच शिस्त परंपरागत भाकितांनाही लावता येते. लोणारच्याच बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळला, अक्षय्य तृतीयेला घटमांडणी हा पारंपरिक विधी होतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस-पिकांची भाकिते सांगितली जातात. ‘एवढ्या वर्षांत बरेचदा खरे ठरले’ एवढ्यावर त्यांची पारख होत नाही. ‘साधारण’, ‘कमी-जास्त’ असे शब्द जवळजवळ कोणत्याही पावसाशी जुळतात. पेरा त्यावर ठरवणाऱ्याने भाकीत त्याच दिवशी शब्दशः लिहून ठेवावे, दिवाळीनंतर तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या नोंदीशी ताडावे, आणि चुकलेली वर्षेही बरोबर आलेल्यांइतक्याच काळजीने मोजावीत.