घडीच्या आसनांची मोटार : जागा, वजन आणि कागदपत्रे

कोरेगावच्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या दुकान चालविणाऱ्या कुटुंबासमोर मोटार घेताना एक प्रश्न हमखास उभा राहतो. वाहन माणसांसाठी घ्यावे की मालासाठी? आठवडाभर सातारा, रहिमतपूर, पुसेगाव अशा फेऱ्या असतात आणि त्यांत कधी कापडाचे तागे, कधी भांडी, कधी किराण्याची पोती असतात. रविवारी मात्र आजी-आजोबांसह सात माणसांना कुंभोज-बाहुबलीच्या दर्शनाला नाही तर सांगलीच्या लग्नाला जावयाचे असते. दोन वाहने ठेवायची तर दोन हप्ते, दोन विमे आणि अरुंद पेठेत उभे करण्यासाठी दोन जागा लागतात. साहजिकच मागच्या सीटची घडी घालून मोकळी जागा करता येणारी सातजणी मोटार हे सर्वांना सोयीचे उत्तर वाटते.

हे उत्तर चांगले आहे, पण अपुरे आहे. सीटची घडी केवळ जागा देते. त्या जागेत किती वजन ठेवावे, ते कसे ठेवावे आणि दुकानाचा माल तेथे ठेवण्याची मुभा आहे का, हे तीन प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतात. विक्रेता पहिल्या गोष्टीचे प्रात्यक्षिक आनंदाने दाखवितो; उरलेल्या तिन्हींचा विचार ग्राहकालाच करावा लागतो.

टेम्पोपासून सुमोपर्यंत

माल आणि माणसे यांची सांगड घालणाऱ्या वाहनांच्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. अहमदनगरच्या जैन कुटुंबातील नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. जर्मनीतील टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने तिने तीनचाकी मालवाहू गाडी आणली आणि कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले. आज कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी आली तरी दुकानदार ‘टेम्पो आला’ असेच म्हणतो. त्याच कंपनीच्या मॅटाडोर आणि ट्रॅक्स या गाड्यांनी पुढे खेडोपाडी माणसे आणि माल दोन्ही वाहिले. सातारा-सांगलीकडील वडाप अशाच गाड्यांवर चालले.

१९९४ मध्ये पुण्याच्या टेल्कोने सुमो आणली. तिचे नाव कंपनीचे धुरीण सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून घेतलेले आहे. सुमोच्या आणि पुढे २००० साली आलेल्या महिंद्र बोलेरोच्या मागच्या भागात समोरासमोर तोंडे असलेली आडवी बाकडी होती. बाकडे उचलून बाजूच्या पत्र्याला टेकविले की मधली जमीन मोकळी. रचना साधी, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी. परंतु आडव्या बाकड्यावर बसलेल्या माणसाचे शरीर ब्रेक लागताच कुशीवर कलते. पुढे तोंड करून बसलेल्याला पाठ, खांदा आणि पट्टा यांचा जो आधार मिळतो, तो त्याला मिळत नाही. मुलांना तेथे बसविण्याची आपल्याकडील सवय सोयीची असली तरी सुरक्षित नाही.

घडीचे पाच प्रकार

बाजारात ‘फोल्डिंग सीट’ या एकाच नावाखाली पाच वेगवेगळ्या रचना मिळतात. त्यांतील फरक न समजल्यामुळे पुष्कळदा निराशा पदरी येते.

पहिला प्रकार सर्वांत साधा. पाठ पुढे झुकवून बैठकीवर पालथी घालावयाची. मारुतीच्या एर्टिगाची तिसरी रांग अशी दुमडते. येथे पाहावयाची गोष्ट एकच, ती म्हणजे दुमडलेल्या पाठीची पातळी डिकीच्या जमिनीशी जुळते की मध्ये पायरी राहते. पायरी राहिली तर जड खोके आत सरकविताना अडते आणि उचलणाऱ्याची कंबर धरते.

दुसऱ्या प्रकारात पाठ दुमडून संपूर्ण सीट पुढे उलथविली जाते व ती पुढच्या सीटला टेकून उभी राहते. जमीन खालपर्यंत मोकळी होते, पण उभ्या सीटने गाडीच्या लांबीतील वीतभर जागा खाल्लेली असते. तिसऱ्या प्रकारात सीट दोन भागांत विभागून डाव्या-उजव्या भिंतींना पट्ट्याने अडकविली जाते. २००५ मध्ये भारतात आलेल्या इनोव्हात ही पद्धत होती. उंची आणि लांबी मिळते, रुंदी जाते. रुंद खोके असेल तर नेमकी तीच अडचण होते.

चौथा प्रकार सीट पूर्णपणे काढून ठेवण्याचा. २०१९ मध्ये आलेल्या रेनॉ ट्रायबरची तिसऱ्या रांगेतील दोन्ही आसने सुटी होतात. चार मीटरहून कमी लांबीच्या या गाडीत सात माणसे बसली असता डिकी अवघी ८४ लिटर उरते, एक आसन काढले की ३२० लिटर आणि दोन्ही काढली की ६२५ लिटर. घरी कोरडी व सुरक्षित जागा मात्र हवी. आसने दुकानाच्या माळ्यावर टाकून गाडी घेऊन पुण्याला गेल्यावर परतीला पाहुणे वाढले, तर उपाय नाही.

पाचवा प्रकार सर्वांत अवघड आणि सर्वांत सुबक. सीट जमिनीतील खड्ड्यात बुडून नाहीशी होते. १९९४ मध्ये जपानात आलेल्या होंडा ओडिसीची मागची सीट अशी मागे उलटून खड्ड्यात जात असे. सीट वर असताना तोच खड्डा सामान ठेवण्याच्या कामी येई.

खड्डा येतो कोठून?

गाडीच्या जमिनीखाली रिकामी जागा नसते. तेथे इंधनाची टाकी, धुराड्याची नळी, स्टेपनी आणि मागचा आस असतो. सीट खाली न्यायची तर यांपैकी कोणाला तरी हलवावे लागते. म्हणून घडीच्या सीटचे खरे काम बिजागरीवर नसून गाडीच्या पोटात, तेही सर्वांत आधी ठरते.

होंडाने २००१ मधील फिट या छोट्या मोटारीत इंधनाची टाकी मागच्या सीटखालून काढून पुढच्या आसनांखाली बसविली. आपल्याकडे ही मोटार जॅझ या नावाने आली. टाकी हलल्याने मागची सीट खोल खाली बसू लागली, शिवाय तिची बैठक सिनेमागृहातील खुर्चीप्रमाणे वर उचलता येऊ लागली. उभे रोप किंवा उंच समई आडवी न करता नेणे त्यामुळे शक्य झाले.

अमेरिकेत क्रायस्लरने २००५ च्या मॉडेलपासून कौटुंबिक व्हॅनच्या मधल्या रांगेसाठीही असे खड्डे दिले. त्यासाठी चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा त्या गाड्यांतून सोडावी लागली, कारण तिचा दांडा त्याच जागेतून जात होता. पुढे याच कंपनीच्या पॅसिफिका गाडीची विजेवरही चालणारी आवृत्ती आली तेव्हा बॅटरी त्या खड्ड्यांत बसविली गेली आणि मधल्या सीटचे बुडणे बंद झाले.

आपल्याकडे हीच ओढाताण सीएनजीच्या टाकीबाबत दिसते. इंधनाच्या खर्चात बचत होते म्हणून व्यापारी सीएनजी गाडी निवडतो आणि टाकी डिकीतच येऊन बसते. टाटा मोटर्सने २०२३ मध्ये अल्ट्रोझ गाडीत एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या जमिनीखाली घालून त्यावर तोडगा काढला. सीएनजीची गाडी घेताना पेट्रोल गाडीची माहितीपत्रिका पाहून जागेचा अंदाज बांधू नये.

लिटर आणि किलो

माहितीपत्रकात जागा लिटरमध्ये सांगितलेली असते. व्यापाऱ्याचा माल किलोत असतो. २०१८ च्या एर्टिगात सर्व रांगा उभ्या असताना २०९ लिटर, तिसरी रांग दुमडल्यावर ५५० लिटर आणि दुसरीही दुमडल्यावर ८०३ लिटर जागा सांगितली गेली. आता कोरेगावचाच माल घेऊ. या तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन लाभलेले आहे. वाळलेल्या घेवड्याचे एक लिटर माप सुमारे पाऊण किलो भरते. म्हणजे ८०३ लिटर जागा घेवड्याने भरली तर वजन ६०० किलोंच्या घरात जाते.

सातजणी गाडी ढोबळमानाने सात माणसांचे वजन गृहीत धरून बनविलेली असते. माणशी ७० किलो धरले तर ४९० किलो होतात. चालक व एक सोबती यांचे १४० वजा केल्यावर मालासाठी साधारण ३५० किलो उरतात. अर्थात जागा निम्म्याहून थोडी अधिक भरली की गाडी आपल्या मर्यादेला पोहोचते. कापूस, पापड, प्लास्टिकची भांडी अशा मालात जागा आधी संपते. धान्य, साखर, गूळ यांत वजनाची मर्यादा आधी संपते. नेमका आकडा गाडीच्या मालकपुस्तिकेत असतो. एकूण अनुज्ञेय वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करावे.

वजन कोठे आहे, यालाही महत्त्व आहे. सर्व पोती मागच्या दाराशी रचली तर पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंगची पकड कमी होते आणि दिव्यांचा झोत वर जातो. जड माल तळाला, आणि शक्य तितका पुढच्या आसनांच्या पाठीजवळ ठेवावा.

ब्रेक लागल्यावर

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. धडक होऊन ही गती एक दशांश सेकंदात शून्यावर आली, तर ५० किलोचे पोते सुमारे ७०० किलो वजनाच्या जोराने पुढे रेटते. त्या पोत्यापुढे कोण बसले आहे, याचा विचार माल भरतानाच करावयास हवा.

सीटच्या पाठीची अशी परीक्षा मोटार उद्योगात होत असते. संयुक्त राष्ट्रांच्या १७ क्रमांकाच्या नियमावलीत मागच्या सीटमागे प्रत्येकी १८ किलोचे, ३० सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचे दोन ठोकळे ठेवून ताशी ५० किलोमीटर वेगाच्या धडकेचा प्रयोग सांगितला आहे. सीटची पाठ ठरावीक मर्यादेपलीकडे पुढे येता कामा नये. आपल्या देशात वाहने व त्यांचे भाग यांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. ध्यानात घ्यावयाचे ते असे की दोन ठोकळ्यांचे मिळून वजन ३६ किलो, म्हणजे साखरेच्या एका पोत्याहूनही कमी होते.

यावरून दोन नियम निघतात. दुमडता येणाऱ्या पाठीची कडी पक्की बसली आहे याची खात्री, पाठ हाताने ओढून, प्रत्येक वेळी करावी. आणि मधली सीट अर्धी दुमडून एका बाजूला पोती व दुसऱ्या बाजूला मूल, अशी बैठक कधीही करू नये. खंबाटकीच्या उतारावर अचानक ब्रेक लागला तर पोत्याला शेजारचे मूल दिसत नाही.

कागदपत्रे काय सांगतात?

सर्वांत दुर्लक्षित बाजू ही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील ‘मालवाहू वाहन’ या व्याख्येत मुळात मालासाठी न बनविलेले, परंतु माल वाहण्यासाठी वापरलेले वाहनही येते. प्रवाशाचे वैयक्तिक सामान ‘माल’ या शब्दातून वगळलेले आहे. दुकानाचा साठा वगळलेला नाही.

खासगी मोटारीच्या प्रमाणित विमापत्रात ‘वापराच्या मर्यादा’ असा एक परिच्छेद असतो. त्यात नमुने आणि वैयक्तिक सामान यांखेरीज मालाची वाहतूक विमासंरक्षणाबाहेर ठेवलेली असते. घरच्या लग्नाचा आहेर, वसतिगृहात निघालेल्या मुलाची गादी, आजोबांची चाकांची खुर्ची, ग्राहकाला दाखवावयाचे कापडाचे नमुने, हे सारे त्यात बसते. रोजची दहा पोती बसत नाहीत. त्या पोत्यांसह अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारण्यास आधार मिळतो. गाडीचे नुकसान तर सोसावे लागतेच; दुसऱ्या कोणास इजा झाली असल्यास भरपाईची वसुली मालकाकडून होऊ शकते. वर्षानुवर्षे जमविलेली पुंजी एका फेरीत जाण्याचा धोका येथे आहे.

मागची आसने गॅरेजमध्ये कायमची उखडून टाकणे हाही मार्ग नव्हे. कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते, आणि आसनसंख्या नोंदणीपत्रात लिहिलेली असते.

उलट मालवाहू म्हणून नोंदलेल्या छोट्या वाहनाचे फायदे पुष्कळांना ठाऊक नसतात. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू वाहनास कलम ६६ खालील परवाना लागत नाही. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) नुसार चालकासह तेरापर्यंत आसने असलेल्या प्रवासी मोटारीवर भरलेल्या कराची वजावट सामान्य व्यापाऱ्याला मिळत नाही. मालवाहू वाहनावर ती मिळू शकते. २००५ मध्ये गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली टाटा मोटर्सने बनविलेला एस, म्हणजेच आपला छोटा हत्ती, किंवा ईकोची मालवाहू आवृत्ती यांचा हिशेब करताना ही वजावट धरावी.

खरेदीपूर्वी

शोरूममध्ये विक्रेत्याने सीट दुमडून दाखविल्यावर समाधान मानू नये. घरातील सर्वांत कमी ताकदीच्या माणसाने, एका हाताने, ती दुमडावी व पुन्हा उभी करावी. डोके-टेकण काढल्याशिवाय घडी बसते का, पट्ट्याची कुलपे फटीत अडकतात का, सीट परत उभी करताना बोटे चिमटण्याजोगी जागा आहे का, हे पाहावे. डिकीचा उंबरठा मांडीच्या उंचीहून वर असेल तर जड खोके रोज उचलणे त्रासाचे होईल. माल बांधण्यासाठी जमिनीत कड्या आहेत का, तेही तपासावे. आणि सातही जण बसल्यावर सात बॅगा कोठे जातील, हा प्रश्न विचारावा; ८४ किंवा २०९ लिटर हे त्याचे उत्तर आहे.

निवडीचा निकष शेवटी सरळ आहे. दुकानाचा माल रोज आणि वजनाने जड असेल, तर त्यासाठी मालवाहू नोंदणीचे छोटे वाहन घ्यावे आणि घरासाठी साधी मोटार ठेवावी. माल घरपोच करणारा वाहतूकदार असेल व स्वतःच्या गाडीत केवळ नमुने, घरचे सामान आणि माणसे जाणार असतील, तर घडीच्या आसनांची सातजणी मोटार पैशाचे पुरेपूर मोल देते. कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी गेल्या महिन्यात गाडीतून किती वेळा, काय आणि किती किलो नेले, याची नोंद वहीत काढावी. कोणते वाहन घ्यावे, हे माहितीपत्रकापेक्षा ती नोंद अधिक प्रामाणिकपणे सांगेल.