स्लाइड आत घेतल्यावर

"आता सगळ्या स्लाइड आत घ्या," असं मी म्हटलं तेव्हा गाडी दाखवणारा माणूस जरा थबकला. आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, बघायला आलेली माणसं सोफ्यावर बसून बघतात, पलंगावर आडवी होतात, शेगडीला बर्नर किती ते विचारतात. गाडी मिटून दाखवा असं फारसं कुणी म्हणत नसावं. त्यानं दाराजवळचं बटण दाबून धरलं. मोटार घरघरली आणि समोरची अख्खी भिंत, तिला लागून असलेला सोफा, टेबल, वरची कपाटं असं सगळं एकत्रच आमच्या दिशेनं सरकू लागलं. मी मागं होत होत ओट्याला टेकले. अर्ध्या मिनिटात दिवाणखान्याचा बोळ झाला. मी पर्समधून टेप काढली.

त्या टेपमागे एक रात्र आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही न्यू जर्सीहून स्मोकी माउंटन्सला निघालो होतो. सासू-सासरे ठाण्याहून आले होते. आईंचे गुडघे दुखतात आणि बाबांना रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. म्हणून मोटेलं टाळून, घरच बरोबर न्यायचं म्हणून, एकतीस फुटी आरव्ही भाड्यानं घेतली. घ्यायला गेलो तेव्हा दोन्ही स्लाइड बाहेर होत्या. आईंनी ओट्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आपल्या स्वयंपाकघरापेक्षा मोठं आहे गं!" आम्ही सगळे खूश.

इंटरस्टेट ८१ वर, व्हर्जिनियात, संध्याकाळी पाऊस कोसळायला लागला. पुढचं कॅम्पग्राउंड गाठणं शक्य नव्हतं. एका ट्रक स्टॉपवर दोन अजस्र ट्रकांच्या मधे जागा मिळाली. स्लाइड बाहेर काढायला बाजूला तीन फूट मोकळे हवेत, तिथं हातभरही नव्हते. काही दुकानांच्या आवारात आरव्हीला रात्रभर थांबू देतात, तिथंही स्लाइड बाहेर काढू नये असाच रिवाज आहे. तेव्हा गाडी मिटलेलीच ठेवून झोपायचं ठरलं. आणि मिटलेल्या घरात काय काय उरतं ते आम्हाला पहिल्यांदा कळलं.

फ्रिजच्या दारासमोर टेबलाची कड येऊन उभी होती. दार चार बोटं उघडायचं. आत दहीभाताचा डबा दिसत होता, पण बाहेर निघत नव्हता. मागच्या खोलीतला पलंग स्लाइडबरोबर आत येऊन समोरच्या कपाटाला भिडला होता, त्यावर जायचं तर पायथ्याकडून रांगत. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर चढणं आईंना शक्यच नव्हतं. आणि संडासाचं दार बाहेर उघडणारं. ते सोफ्याच्या हाताला अडकून पाऊण फुटावर थांबलं. त्या रात्री बाबा छत्री घेऊन तीनदा ट्रक स्टॉपच्या इमारतीपर्यंत गेले. दर खेपेला मी बरोबर गेले, पण त्यानं काय होतं? पावसात चाचपडत पाऊल टाकणारे पंचाहत्तरीचे बाबा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत.

गाडी बनवणाऱ्यांची अडचणही खरी आहे. अमेरिकेत रस्त्यावर गाडीला जास्तीत जास्त साडेआठ फूट, म्हणजे १०२ इंच, रुंदी मिळते. दोन्हीकडच्या भिंतींची जाडी वजा केली की आत आठ फूट उरतात. त्यात दोन फुटांचा ओटा, समोर तीन फुटांचा सोफा. मोटरहोमला स्लाइड बसवण्याची सुरुवात १९९० साली इंडियानातल्या नॅपनी गावच्या न्यूमार कंपनीनं केली असं मानतात, आणि त्यानंतर घराच्या रुंदीला रस्त्याची मर्यादा उरली नाही. पण ही सवलत गाडी उभी असतानाची. नकाशे काढले जातात ते उघड्या गाडीचे. पेन्सिल्व्हेनियात हर्शीला दर सप्टेंबरात आरव्हींचं प्रचंड प्रदर्शन भरतं. तिथं मी दिवसभर हिंडले. प्रत्येक गाडी उघडलेली, टेबलावर फुलदाणी. त्या गर्दीत कोण मिटून दाखवणार? आवडलेल्या गाड्यांची नावं टिपून घेतली आणि मग आई-बाबांना घेऊन या विक्रेत्याच्या आवारात आलो.

मिटलेली गाडी बघायचा माझा क्रम आता ठरलेला आहे. आधी दारातून आत जाता येतं का. हा प्रश्न वेडगळ वाटेल, पण त्या दिवशी पहिल्याच गाडीत पायरीवरून आत गेल्यावर ओट्याचं मधलं बेट आणि समोरची स्लाइड यांच्यात नऊ इंच उरले. तिथून मांजर जाईल. दुसरीत पंधरा इंच होते, मी आडवी होऊन गेले, आई गेल्या नसत्या. मग संडास: नुसता पोचून उपयोग नाही, दार पूर्ण उघडून आत शिरून ते लावून घेता आलं पाहिजे. मग फ्रिज, मग पाण्याचा नळ, मग निदान एका माणसाला पाय लांब करता येतील अशी जागा. शेगडी माझ्या यादीत खाली आहे. एक रात्र फोडणीशिवाय निघते.

गाडी मिटून दाखवायला कुणी तयार नसेल तर स्लाइड किती खोल आहे ते बाहेरून मोजावं आणि आत स्लाइडमधल्या सामानाच्या कडेपासून जमिनीवर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी लावावी. पट्टीच्या अलीकडे उरलेल्या जागेत उभं राहून दारं उघडून बघावीत. बरंच कळतं.

स्लाइड सरकताना लक्ष देऊन बघावं, ऐकावंही. दोन्ही टोकं बरोबरीनं यायला हवीत. कडेची रबरी पट्टी भिंतीला सलग चाटत गेली पाहिजे, ती मुडपली की पाऊस आत आलाच. बॅटरी उतरली असेल तर मोटार कण्हते. स्लाइडच्या छतावरची पानं, काड्या आधी झाडून काढाव्या लागतात, नाहीतर स्लाइडबरोबर त्याही घरात येतात. आणि खाली राहिलेली चप्पल, उघडा राहिलेला ड्रॉवर! त्या सरकत्या भिंतीला दयामाया नसते. अडलेल्या दारासाठी स्लाइड फूटभरच बाहेर काढायची युक्ती काही जण सांगतात, पण प्रत्येक यंत्रणेला असं अर्धवट थांबणं मानवत नाही. आणि ट्रकांच्या मधे तो फूट तरी कुठला?

बाबा या सगळ्यात गप्प होते. त्यांचं लहानपण गिरगावातल्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांत गेलं. रात्री अंथरुणं पसरली की जमीन दिसायची नाही. तिसऱ्या गाडीत ते म्हणाले, "अगं, खोली लहान आहे याचं काही नाही. आमच्या खोलीत अंधारातही तांब्या हाताला लागायचा. वस्तू आहे, पण हाताला लागत नाही, हे वाईट." माझ्या सगळ्या मोजमापांचा अर्थ तेवढ्यात आला.

चौथी गाडी पंचवीस फुटी, जुनी, एकाच स्लाइडची. स्लाइडमध्ये फक्त सोफा. ओटा, फ्रिज समोर, संडास मधे, पलंग मागे आणि न सरकणारा. उघडल्यावर ती बाकीच्यांच्या मानानं साधीच दिसत होती. मिटल्यावर सोफा पुढे आला, मधे बावीस इंचांची वाट राहिली. फ्रिज पूर्ण उघडला. आई पलंगाच्या कडेला बसल्या आणि पाय हलवून बघितले.

बाबांनी मला पडदे ओढायला सांगितलं. मग पलंगाशी जाऊन उभे राहिले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि एक हात कपाटावरून फिरवत निघाले. गाडी दाखवणारा माणूस दिव्याच्या बटणाकडे वळला, तसा मी त्याला खुणेनं थांबवलं. संडासाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग कडी लागल्याचा. आतून बाबा म्हणाले, "पाच पावलं."