घराचं वायरिंग: अर्थिंग कोरडं पडलं, तर एमसीबी तुम्हाला वाचवेल का?

धाराशिव जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. बालाघाटच्या डोंगररांगांमधल्या या भागात मातीचा थर अनेक ठिकाणी पातळ आहे, खाली मुरूम आणि काळा पाषाण. पाण्याची ओढ तर नेहमीचीच. याचा घराच्या वायरिंगशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट जिवाशी आहे.

अर्थिंग नेमकं काय करतं?

फ्रिज किंवा कूलरच्या आत वायर सोलली गेली, की त्याच्या पत्र्यात वीज उतरते. ही वीज जमिनीत जावी म्हणून अर्थिंग असतं. पण ओल नसलेली, खडकाळ जमीन वीज नीट वाहून नेत नाही. पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग मे महिन्यात कमकुवत होऊ शकतं.

साधं गणित पाहा. घरात वीज येते 230 व्होल्टने. अर्थिंगचा रोध 20 ओहम असेल, तर जमिनीत जाणारा प्रवाह जास्तीत जास्त 11.5 अँपिअर. तुमचा एमसीबी 16 अँपिअरचा असेल, तर तो पडणारच नाही. फ्रिज चालू राहील आणि त्याच्या पत्र्यात वीजही राहील.

मग उपाय काय?

आरसीसीबी. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत येते का, यावर तो लक्ष ठेवतो. घरासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्यावा. एवढा फरक पडला, तरी तो क्षणात वीज तोडतो. मात्र जादा लोड आणि शॉर्टसर्किटसाठी एमसीबी लागतोच. आणि अर्थिंगही हवंच: ते असेल तर बिघाड होताच आरसीसीबी पडतो, नसेल तर कुणाचा तरी हात लागेपर्यंत थांबतो.

अर्थिंगची जागा मोरीचं किंवा झाडांचं पाणी मुरतं तिथे निवडा. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घाला आणि वायरमनकडून अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्या.

बांधकामाआधी काय ठरवायचं?

स्लॅब पडण्याआधी पंख्याचे बॉक्स आणि पाइप टाकावे लागतात. म्हणून आधी प्रत्येक खोलीचा कागदावर नकाशा काढा: पलंग कुठे, ओटा कुठे, कूलरची खिडकी कोणती.

- दिवे-पंख्यांसाठी साधारणपणे 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर.
- फ्रिज, मिक्सरच्या पॉवर सॉकेटसाठी 2.5 चौरस मिलिमीटर.
- गिझर, एसीसाठी 4 चौरस मिलिमीटर आणि प्रत्येकाला वेगळा एमसीबी. 2,000 वॅटचा गिझर एकटाच जवळपास 9 अँपिअर घेतो.
- पाण्याच्या मोटारीची लाइन स्वतंत्र.
- इन्व्हर्टरचे पॉइंट आधीच ठरवा आणि त्यांचा न्यूट्रल वेगळा ठेवा. न्यूट्रल एकत्र झाले, की आरसीसीबी विनाकारण पडतो. मग वैतागून तो काढून टाकला जातो आणि घराचं संरक्षणच जातं.

शेवटी कागद

महावितरणकडे नवीन जोडणी मागताना परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. तो नुसता सही-शिक्क्यापुरता घेऊ नका. चाचणी समोर उभं राहून करून घ्या. प्लास्टरच्या आधी भिंतीतल्या पाइपांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि महिन्यातून एकदा आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबा. तो पडला नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.