तुकडीची मागाहून होणारी मोजदाद : व्हिएतनाम युद्धातील हेलिकॉप्टर तुकड्यांच्या दिवंगत माजी सैनिकांचे स्मरण

प्रास्ताविक

रणांगणात कामी आलेल्या वीराचे स्मरण कसे करावयाचे, याची रीत बहुतेक समाजांनी ठरवून ठेवलेली आहे. महाराष्ट्रातील गावोगावी आढळणारे वीरगळ हे तिचे मराठी वाचकास सुपरिचित असे उदाहरण होय. मात्र वीरगळ उभारला जातो तो साधारणतः लढताना पडलेल्याचा. लढून घरी परतलेला, जखमा अंगावर वागवीत पुढे वीस-तीस वर्षे जगलेला आणि अंथरुणावर प्राण सोडलेला लढवय्या त्या शिळेवर येत नाही. मराठी भाषाही हा भेद पाळते. एक 'धारातीर्थी पडतो', दुसऱ्याचे केवळ 'निधन होते'.

या दुसऱ्या प्रकारच्या मृत्यूंचे स्मरण कोण करते व कसे करते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात अमेरिकी सैन्याच्या व्हिएतनाममधील हेलिकॉप्टर तुकड्यांच्या संदर्भात केला आहे. हे उदाहरण निवडण्यास कारण आहे. या तुकड्यांतील सर्व माणसे युद्धकाळात कधीही एकत्र नव्हती. त्यांची 'तुकडी' पूर्णत्वाने जुळून येऊ लागली ती युद्धानंतर, आणि तीही बऱ्याच अंशी दिवंगतांच्या यादीतून.

तुकडीची घडण

व्हिएतनाम युद्धात सुमारे १२,००० अमेरिकी हेलिकॉप्टरे वापरली गेली व त्यांपैकी ५,००० हून अधिक नष्ट झाली. डोंगर, दलदल आणि भातखाचरे यांच्या प्रदेशात पायदळाला रणांगणात उतरविणे, दारूगोळा व पाणी पोहोचविणे आणि जखमींना बाहेर काढणे ही सारी कामे हेलिकॉप्टरांवरच सोपविलेली होती. 'ह्यूई' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यूएच-१ जातीच्या हेलिकॉप्टरात सामान्यतः चार जण असत : दोन वैमानिक, एक क्रू चीफ व एक दारातील मशीनगन चालविणारा गनर. क्रू चीफ हा दिवसा त्याच यंत्रातून उडे आणि रात्री त्याच यंत्राची दुरुस्ती करी. वैमानिकांपैकी बरेच जण वॉरंट ऑफिसर होते. टेक्सासमधील फोर्ट वोल्टर्स व पुढे अलाबामातील फोर्ट रकर येथे प्रशिक्षण घेऊन, वयाच्या विशीच्या आसपास, ते थेट युद्धभूमीवर येत.

येथे एक प्रशासकीय नियम निर्णायक ठरतो. अमेरिकी भूदलाने या युद्धात सैनिकांची बदली तुकडीनिहाय न करता व्यक्तिनिहाय केली. प्रत्येकाची सेवा साधारणपणे बारा महिन्यांची असे आणि प्रत्येकाची परतीची तारीख वेगळी असे. एखाद्या असॉल्ट हेलिकॉप्टर कंपनीत सहा-सात वर्षांच्या काळात शेकडो माणसे आली आणि गेली, पण १९६६ साली तेथे असलेल्या वैमानिकाला १९७० सालचा वैमानिक ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते. रेडिओवरील सांकेतिक नाव व क्रमांक मात्र टिकून राही. एकाच क्रमांकावर निरनिराळ्या वर्षी निरनिराळी माणसे बोलत असत. सैनिक परतला तोही एकटाच, बहुधा विमानातील अनोळखी सहप्रवाशांसोबत. तुकडी म्हणून मिरवणूक नाही, तुकडी म्हणून शोकसभाही नाही. मार्च १९७३ पर्यंत अमेरिकी लढाऊ सैन्य माघारी आले. तोवर यांतील अनेक कंपन्या विसर्जितही झालेल्या होत्या.

भारतीय अनुभवाशी तुलना केल्यास फरक ध्यानात येतो. २८ मे १९९९ रोजी कारगिल युद्धात तोलोलिंगवरील कारवाईत भारतीय वायुसेनेच्या १५२ हेलिकॉप्टर युनिटचे एमआय-१७ पाडले गेले व त्यातील चौघांना वीरमरण आले. ते युनिट पुढेही टिकले व सरसावा तळावर त्या चौघांचे स्मरण होत राहिले. तेथे स्मृती संस्थेच्या हाती असते. विसर्जित कंपनीच्या बाबतीत ती माणसांनाच वाहावी लागते.

भिंत आणि तिची अट

वॉशिंग्टन येथील व्हिएतनाम युद्धस्मारकाचे समर्पण १३ नोव्हेंबर १९८२ रोजी झाले. माया लिन यांनी आराखडा केलेल्या या काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर आज ५८,००० हून अधिक नावे आहेत. ती वर्णानुक्रमे नसून आघाताच्या तारखेनुसार कोरलेली आहेत. त्यामुळे एकाच हेलिकॉप्टरात एकाच दिवशी गेलेल्या चौघांची नावे बहुधा शेजारी शेजारी सापडतात. हेलिकॉप्टरांच्या कर्मीदलांतील मृतांची संख्या सुमारे ४,९०० मानली जाते, म्हणजे भिंतीवरील साधारण प्रत्येक बारा नावांमागे एक. मेकाँग खोऱ्यात १ जुलै १९६४ रोजी जखमींना घेतल्याशिवाय परत फिरण्यास नकार देऊन प्राण गमावलेले मेजर चार्ल्स केली यांचे नाव त्यांत आहे. 'डस्टऑफ' हे रुग्णवाहू हेलिकॉप्टरांचे सांकेतिक नाव त्यांच्या तुकडीमुळेच रूढ झाले.

भिंतीवर नाव येण्यासाठी मात्र अट आहे. युद्धक्षेत्रात मृत्यू, किंवा तेथे झालेल्या जखमांमुळे पुढे ओढवलेला मृत्यू, एवढेच तिच्यात बसते. एजंट ऑरेंज या तणनाशकाशी जोडल्या गेलेल्या कर्करोगाने अथवा युद्धोत्तर मानसिक आघातातून आत्महत्येने गेलेला माजी सैनिक तिच्या कक्षेत येत नाही. एजंट ऑरेंजच्या संदर्भात १९९१ च्या कायद्याने काही विकारांचा संबंध सेवेशी असल्याचे गृहीत धरून भरपाईचा मार्ग मोकळा केला. म्हणजे भरपाईपुरता शासनाने संबंध मान्य केला, शिळेपुरता केला नाही. ही विसंगती केवळ तांत्रिक मानणे कठीण आहे. २००४ साली स्मारकाच्या आवारात अशा मृतांसाठी एक फरशी बसविण्यात आली, पण तिच्यावर नावे नाहीत. 'इन मेमरी' या उपक्रमात त्यांची नावे स्वतंत्रपणे नोंदवून जाहीररीत्या वाचली जातात.

यादी

ही उणीव माजी सैनिकांच्या संघटनांनी आपल्या परीने भरून काढली. १९८० च्या दशकात वैमानिकांची व कर्मीदलातील इतरांची अशा स्वतंत्र संघटना उभ्या राहिल्या. अधिकारी व जवान यांच्यातील अंतर हेलिकॉप्टरात पुष्कळसे मिटले होते, संघटनांत ते पुन्हा दिसले, हे नोंदविण्यासारखे आहे. वैमानिकांच्या संघटनेच्या नोंदींत मृतांचे दोन प्रमुख वर्ग आढळतात : युद्धात मारले गेलेले आणि 'सेवाकाळानंतर मरण पावलेले'. हा दुसरा वर्ग भिंतीच्या अटीला दिलेले एक मूक उत्तरच होय. त्यात मृत्यूच्या कारणाची परीक्षा नाही. तुकडीत होता, एवढी पात्रता पुरते.

एड फ्रीमन यांचे उदाहरण घेता येईल. १४ नोव्हेंबर १९६५ रोजी इआ ड्रांगच्या लढाईत त्यांनी व त्यांचे सहकारी ब्रूस क्रँडॉल यांनी गोळीबारात पुनःपुन्हा उतरून दारूगोळा पोहोचविला व जखमींना बाहेर काढले. फ्रीमन यांना मेडल ऑफ ऑनर २००१ साली, तर क्रँडॉल यांना २००७ साली मिळाले. फ्रीमन ऑगस्ट २००८ मध्ये निवर्तले. भिंतीवर त्यांचे नाव असण्याचा प्रश्नच नाही, पण तुकडीच्या हिशेबात ते पहिल्यापासून मृतांच्या व जिवंतांच्या मधले दुवा होते. ज्यांना पदके मिळाली नाहीत अशांच्या बाबतीत तर यादीची ओळ हाच काय तो सार्वजनिक उल्लेख असतो.

अशी यादी करणे वाटते तितके सोपे नाही. तुकडीत माणसे टोपणनावाने ओळखली जात, आडनाव कित्येकदा कोणालाच ठाऊक नसे. कंपनीला जोडलेल्या दुरुस्ती व संदेशवहन पथकांतील माणसे कागदोपत्री वेगळ्या तुकडीची, प्रत्यक्षात त्याच छावणीतली. कधीही उड्डाण न केलेल्या यांत्रिकाला यादीत स्थान आहे काय? त्याने रात्रभर जागून रोटर बसविला नसता तर सकाळचे उड्डाणच झाले नसते, एवढे लक्षात घेतले तर उत्तर अवघड राहत नाही. नावांची खातरजमा बदलीचे आदेश, जुनी छायाचित्रे आणि दुसऱ्या कोणाची तरी आठवण यांवरून करावी लागते. १९६७ सालच्या माणसाने १९६९ सालच्या माणसाला ओळखणे प्रथम शक्य होते ते वार्षिक मेळाव्यात वाचल्या जाणाऱ्या अशा नावांमुळे. विशीत लढलेली ती माणसे आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. नावे जमविणाऱ्यांचीच नावे आता यादीत जात आहेत.

अखेरची मानवंदना

२००० सालापासून अमेरिकेत पात्र माजी सैनिकाच्या अंत्यविधीस, कुटुंबाने विनंती केल्यास, किमान दोन गणवेशधारी सैनिक पाठविणे कायद्याने बंधनकारक आहे. ध्वजाची घडी करून ती कुटुंबाच्या हाती देणे व बिगुलावर 'टॅप्स' ही धून वाजविणे हा त्या विधीचा गाभा होय. बिगुलवादक अपुरे पडू लागल्याने ध्वनिमुद्रित धून वाजविणारे उपकरण बिगुलात बसविण्याची सोय २००३ पासून करण्यात आली. मरणाऱ्यांची संख्या वाजविणाऱ्यांच्या संख्येला मागे टाकून गेली, याचा इतका बोलका पुरावा दुसरा नसेल.

आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत हेलिकॉप्टर वैमानिक व कर्मीदलांचे स्मारक उभे राहिले ते १८ एप्रिल २०१८ रोजी, युद्ध संपून चार दशके उलटल्यावर. भूदलाने आरंभी जागेच्या टंचाईमुळे विरोध केला होता, आणि त्यात तथ्यही होते. दफनभूमीत स्मारकाने व्यापलेली जागा कबरींना मिळत नाही.

यादीबाहेरचे

याच जातीची हेलिकॉप्टरे दक्षिण व्हिएतनामच्या वायुदलातील कर्मीदलेही चालवीत. एप्रिल १९७५ च्या अखेरीस त्यांतील काहींनी कुटुंबीयांना घेऊन अमेरिकी युद्धनौका गाठल्या. डेकवर जागा व्हावी म्हणून हेलिकॉप्टरे समुद्रात ढकलून देण्यात आली. मागे राहिलेल्यांपैकी अनेकांच्या वाट्याला पुनर्शिक्षण छावण्या आल्या. वॉशिंग्टनची भिंत केवळ अमेरिकी सैन्यदलांची, आणि हनोईच्या शासनाच्या लेखी हुतात्मा ठरतो तो विजयी पक्षाचा सैनिक. सायगावजवळील बिएन होआ येथील पराभूत सैन्याची दफनभूमी १९७५ नंतर लष्कराच्या ताब्यात होती. २००६ साली ती नागरी प्रशासनाकडे सोपविण्यात आली आणि त्यानंतर तेथील कबरींची देखभाल करणे नातेवाइकांना काहीसे सुकर झाले.