‘मुलाकडे आहेत, त्यांना काय कमी?’

उतारवयात गाव सोडून मुलांकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांना नैराश्य येऊ शकते, हे श्रीरामपुरात सहसा कोणी मान्य करत नाही. मुलगा वाकडला असो की न्यू जर्सीला, उत्तर ठरलेले: ‘मुलाकडे आहेत, त्यांना काय कमी?’ हे वाक्य चुकीचे आहेच, शिवाय घातकही. कारण ते ऐकून घेणारा माणूस पुढे तक्रारच करत नाही.

नैराश्य हा आजार आहे आणि तो घरातल्या सोयी मोजून येत नाही. जोडीदाराचा मृत्यू, पक्षाघात, मधुमेह, थायरॉइडचा बिघाड, काही औषधे अशी त्याची अनेक कारणे असतात. त्यात स्थलांतराची भर पडते. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या ज्या गृहस्थाला बाजार समितीपासून स्टेशनपर्यंत दहा जण थांबवून बोलत, त्याला अकराव्या मजल्यावर नातू शाळेतून येईपर्यंत बोलायला कोणी नसते. परदेशात तर गाडी चालवता येत नाही, इंग्रजी जमत नाही, हिवाळ्यात दाराबाहेर पडवत नाही. घर माणसांनी भरलेले असले तरी एकटेपणा येतो; एकटे राहणे वेगळे आणि एकटे पडणे वेगळे.

शिवाय ही माणसे ‘उदास वाटते’ असे म्हणतच नाहीत. झोप लागत नाही, अन्न जात नाही, छातीत धडधडते, अंग दुखते, एवढेच सांगतात. अमेरिकेत मुलांपाठोपाठ गेलेल्या कोरियन वृद्धांचेही असेच. छातीतले दडपण आणि अंगातली आग या रूपात प्रकटणाऱ्या दबलेल्या संतापाला त्यांच्याकडे ‘ह्वाब्यंग’ म्हणतात. मग हृदयाच्या तपासण्या होतात, मनाची चौकशी राहून जाते. शंका असल्यास २०१७-१८च्या ‘लासी’ या राष्ट्रीय सर्वेक्षणाचे आकडे पाहावेत: साठीपुढील ८.३ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणे, निदान झालेले मात्र जेमतेम ०.८ टक्के.

अशी ठरलेली वाक्ये आणखीही आहेत. ‘वय झाले की असे होतेच’: होत नाही; बहुतेक वृद्धांना नैराश्य नसते. ‘विसरतात, म्हणजे म्हातारचळ’: काही वेळा ते नैराश्यच असते आणि उपचारांनी स्मरणही सुधारते. ‘नामस्मरणात मन रमवा’: जरूर, पण औषधाच्या जागी नव्हे. ‘गोळ्यांची सवय लागते’: ती भीती झोपेच्या काही गोळ्यांबाबत खरी आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. गुण यायला मात्र काही आठवडे लागतात आणि त्या आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात. उतारवयात काहींच्या रक्तातले सोडियम या गोळ्यांनी घटते, म्हणून तपासणी हवी. ‘आत्महत्येचे विचारले तर डोक्यात येईल’: येत नाही; सरळ विचारावे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन कशातच रमत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञ गाठावा. श्रीरामपूरकरांना त्यासाठी लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय जवळ आहे. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर देशात कुठूनही, दिवसरात्र, मराठीतही मोफत बोलता येते.