विष पचवणारा सदरा

आमच्या घाटंजीकडे, श्रोतेहो, विषाला औषध म्हणतात. 'घरधनी कुठं गेले?' असं विचारलं की उत्तर येतं, 'वावरात औषध मारायला गेले.' मी कविता लिहिणारा माणूस, बी.ए. झालेला. रसायनशास्त्राची आणि माझी गाठ शाळेतच सुटली. पण शब्दांशी रोजचा व्यवहार असल्यामुळे हा एक शब्द मला नेहमी टोचत आला. ज्याला आपण औषध म्हणतो, त्याच्यापासून अंग वाचवायला हवं, हे कुणाच्या मनात कसं येणार?

२०१७ साली या गैरसमजाची किंमत आमच्या जिल्ह्यानं मोजली. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो लोकांना दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या वर्षी पऱ्हाटी उंच वाढली होती. कमरेएवढ्या झाडावर मारलेला फवारा खाली जातो. डोक्याएवढ्या झाडावर मारलेला अंगावर येतो. माझ्या ओळखीचा एक मजूर तेव्हा आठ दिवस खाटेवर होता. भेटायला गेलो तर म्हणाला, 'चाचा, सदरा ओला झाला होता, पण म्हटलं, वाळून जाईल.'

सदरा वाळला, पण विष कुठं गेलं? आपलं सुती कापड घाम टिपतं, तसंच विषही टिपतं आणि दिवसभर कातडीला लावून ठेवतं. नाकातोंडाला बांधलेल्या दुपट्ट्याचंही तेच. फवारणीतली बरीच कीटकनाशकं 'ऑर्गॅनोफॉस्फेट' या कुळातली असतात. ती कातडीतून शरीरात शिरतात. आपल्या शरीरात मज्जातंतू स्नायूला निरोप देतो तो एका रसायनाच्या हाती. निरोप पोचला की ते रसायन मोडून टाकणारं एन्झाइम तिथंच हजर असतं. हे विष त्या एन्झाइमलाच जखडून टाकतं. मग निरोप थांबतच नाही. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, लाळ गळते, घाम सुटतो, अंग थरथरतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात.

यावर उपाय म्हणून शहाणी माणसं सांगतात, संरक्षक कपडे घाला. हे कपडे म्हणजे ज्याला आज 'तांत्रिक वस्त्र' म्हणतात, त्याचाच एक प्रकार. नाव जड असलं तरी वस्तू ओळखीची आहे. जे कापड शोभेसाठी नाही, तर एखादं काम करण्यासाठी विणलं जातं, ते तांत्रिक वस्त्र. जखमेवरची पट्टी, गाडीतला सीट बेल्ट, भाजीच्या मळ्यावरची जाळी, ही सगळी त्याच घराण्यातली. भारत सरकारनं २०२० मध्ये यासाठी १,४८० कोटी रुपयांचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं.

फवारणीचा नेहमीचा संरक्षक कोट पुष्कळदा आपल्या ताडपत्रीच्या तत्त्वावर बनतो. आत कापड आणि वर प्लास्टिकचा थर. कापड बळ देतं, थर पाणी अडवतो. दोन पदार्थ एकत्र करून दोघांचे गुण घ्यायचे, याला मिश्र पदार्थ म्हणतात. तुऱ्हाटीच्या कुडावर शेणमाती लिंपून भिंत उभी करणाऱ्या आपल्या आजीला ही युक्ती ठाऊक होती. पण जो थर विषाला आत येऊ देत नाही, तो घामाच्या वाफेलाही बाहेर जाऊ देत नाही. मी एकदा असा कोट घालून धुऱ्यावर उभा राहिलो. भादवा संपत आला होता, ऊन कडक होतं. पाठीवर पंपही नव्हता, तरी दहा मिनिटांत जीव घाबरा झाला. पंप घेऊन दिवसभर चिखल तुडवणाऱ्यानं तो कोट खुंटीला अडकवून ठेवला, तर त्याला अडाणी म्हणण्याचा आपल्याला हक्क नाही. जी वस्तू वापरता येत नाही, तिच्यात चूक बनवणाऱ्याची असते.

म्हणूनच बंगळुरूच्या 'इनस्टेम' या संशोधन संस्थेत झालेलं काम मला मोलाचं वाटतं. प्रवीणकुमार वेमुला यांच्या गटानं २०१८ मध्ये विष निष्प्रभ करणारा, अंगाला लावायचा लेप जगापुढे मांडला. नंतर त्यांनी तोच विचार कापडात आणला. विषबाधेच्या रोग्याला डॉक्टर 'पॅम' नावाचं इंजेक्शन देतात. ते 'ऑक्झिम' या वर्गातलं औषध आहे. अशाच ऑक्झिमचा रेणू त्यांनी सुती धाग्याला रासायनिक बंधानं पक्का जोडला. विषाचा थेंब कापडावर पडला की तो रेणू विषाला तिथंच तोडतो. कापड वारा अडवत नाही, विष मोडून टाकतं. समोर काय आलं ते ओळखून काम करणाऱ्या अशा पदार्थांना 'स्मार्ट' म्हणतात. प्रयोगशाळेत उंदरांवर चाचणी झाली, तेव्हा या कापडानं त्यांना विषापासून वाचवलं.

१७ डिसेंबर २०२४ रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांच्या हस्ते या कापडाचा पोशाख 'किसान कवच' या नावानं प्रकाशित झाला. तो धुऊन पुन्हा वापरता येतो आणि सुमारे दीडशे धुण्यांपर्यंत टिकतो, असं तेव्हा सांगण्यात आलं. तेव्हा किंमत सुमारे ४,००० रुपये होती.

इथं दोन गोष्टी विसरता कामा नयेत. एक, सगळी कीटकनाशकं ऑर्गॅनोफॉस्फेट नसतात, म्हणून कवच आहे म्हणून बेफिकीर राहून चालणार नाही. आणि दुसरी, हे पैसे कोण देणार? फवारा मारतो तो बहुधा मजूर. आज याच्या वावरात, उद्या त्याच्या. पंप मालकाचा असतो, औषध मालकाचं असतं, कातडी तेवढी मजुराची असते. पंप विकत घेताना आपण जसा हिशेब करतो, तसा पोशाखही पंपाचाच भाग समजून मालकानं घ्यावा, किंवा गावानं मिळून चार-दोन ठेवावेत, असं मला वाटतं.

ते होईपर्यंत फुकटातली काळजी तरी घेऊ. वाऱ्याच्या तोंडावर फवारू नये. कपडे ओले झाले की 'वाळेल' म्हणू नये. ते लगेच उतरवावेत आणि अंग साबणानं धुवावं. ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. ते धुणारी आई किंवा बायको हीही त्या विषाला हात लावत असते, हे ध्यानात ठेवावं.

आणि हो, घरात त्याला विषच म्हणावं. औषध हा शब्द त्या सदऱ्यासाठी राखून ठेवू.