सांदवाडीतल्या कोंबड्यांचं कुंपण: जाळी कोणती, बांबू कसा आणि बिबट्याचं काय?

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. ऐकताना मापं लिहून घेता येत नाहीत अशी तुमची तक्रार असते, म्हणून ती इथे नीट दिली आहेत.

विषय साधा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात सांदवाडीत आठ-दहा गावरान कोंबड्या पाळायच्या, तर कुंपण कसं करायचं?

आधी एक गोष्ट पक्की करू. कोंबड्यांना आत ठेवणं वेगळं आणि शिकाऱ्याला बाहेर ठेवणं वेगळं. बाजारात मिळणारी षटकोनी, पातळ तारेची जाळी पहिलं काम करते, दुसरं नाही. मुंगूस खालून उकरतं, रानमांजर वरून चढतं, साप फटीतून शिरतो आणि शिक्रा आभाळातून येतो. म्हणजे कुंपणाला चार बाजू नाहीत, सहा आहेत!

दहा बाय दहा फुटांचं आवार धरू. घेर झाला चाळीस फूट. दर पाच फुटांवर एक, असे आठ खांब लागतील. खांब सात फुटी घ्या आणि दीड फूट जमिनीत गाडा. गाडायच्या टोकाला आधी डांबर किंवा जळकं ऑइल लावा, नाहीतर वाळवी खांब खाऊन टाकते. खांबाला जाड, भरीव मानवेल बांबू चांगला.

बांबू आणायचा कुठून? स्वतःच्या बांधावरचा तोडता येतो, कारण २०१७ पासून जंगलाबाहेर वाढलेला बांबू कायद्याने 'झाड' राहिलेला नाही. जंगलातला हवा असेल तर ग्रामसभेला विचारा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने बांबूवरचा हक्क कसा मिळवला, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आता खालची बाजू. अर्धा इंची चौकोनी वेल्डमेश जाळी, चार फूट रुंदीची घ्या. अडीच फूट उभी बांधा आणि उरलेली दीड फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरून वर माती-दगड टाका. मुंगूस कुंपणाच्या बुडाशीच उकरतं. तिथे जाळी लागली की त्याचा डाव फसतो. वरच्या भागाला बांबूच्या ताट्या बांधा आणि माथ्यावर मासेमारीचं जुनं जाळं ताणा.

हे झालं दिवसाचं. रात्री मात्र कोंबड्या खुराड्यातच हव्यात. खुराडं जमिनीपासून दोन फूट उंच आणि घराच्या भिंतीला लागून करा. दाराला दोन कड्या लावा. हवेसाठी जाळीच्या खिडक्या ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे नुसत्या टिनाच्या पेटीत कोंबड्या उकडून मरतील.

आणि बिबट्या? खरं सांगतो, घरगुती कुंपणाने बिबट्या थांबत नाही. त्याला बोलावणंच टाळायचं. मेलेली कोंबडी, पिसं, आतडी उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. खुराड्याभोवतीचं झुडूप काढा, दिवा लावा. रात्री कोंबड्या ओरडल्या तर एकट्याने बाहेर धावू नका. कोंबडी परत घेता येते. बिबट्या आत अडकलाच, तर लोकांना लांब ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. "तारेत थोडा करंट सोडला तर?" असं बरेच जण विचारतात. अजिबात नाही! ब्रह्मपुरी भागातून पकडून बोरच्या जंगलात सोडलेली वाघीण २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्धा जिल्ह्यात शेताच्या अशाच तारेला लागून मेली. ती तार वाघ आणि माणूस ओळखत नाही. पहाटे मोहफुलं वेचायला निघालेली शेजारीण तिला लागली तर? सौर कुंपणाचा झटका वेगळा असतो, क्षणभराचा आणि मोजका. थेट घरच्या लाइनीची तार म्हणजे सापळा, आणि गुन्हासुद्धा.

तर आज संध्याकाळी एक काम करा. कुंपणाभोवती एक चक्कर मारा आणि प्रत्येक फटीत अंगठा घालून बघा. जिथे अंगठा जातो, तिथून साप जाऊ शकतो. ती फट आजच बुजवा. भेटू पुढच्या भागात!